चार्लस्टन ते सेंट ऑगस्टिन: आईबाबा आणि मुलांना घेऊन दक्षिणेच्या किनाऱ्याने रोड ट्रिप, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अटलांटा, शार्लट, रॅली या भागातल्या मराठी घरांमधून स्प्रिंग ब्रेक जवळ आला की हे प्रश्न हमखास येतात, भारतातून आईबाबा आलेले असतात, मुलांना सुट्टी असते, आणि डिस्ने सोडून काहीतरी वेगळं करायचं असतं. सगळं एकाच ठिकाणी लिहून ठेवतेय, तुम्हाला हवा तो प्रश्न शोधून वाचा.

नक्की रूट कुठला घ्यायचा?

चार्लस्टनपासून सुरुवात करा आणि दक्षिणेकडे उतरत जा. चार्लस्टन, मग ब्यूफर्ट, मग सव्हाना, मग जेकिल आयलंड, शेवटी फ्लोरिडातलं सेंट ऑगस्टिन. अंतरं छोटी आहेत, चार्लस्टन ते सव्हाना साधारण दोन तास, सव्हाना ते जेकिल दीड तास, तिथून सेंट ऑगस्टिन पावणेदोन तास. म्हणजे एका दिवसात फार गाडी मारायची वेळ येत नाही, आणि सत्तरीच्या माणसांना सहा सहा तास मागच्या सीटवर बसवायला नको. शार्लटहून चार्लस्टन साडेतीन तास पडतं. अटलांटावाल्यांना आधी सव्हाना गाठायचं असेल तर आय-७५ आणि पुढे आय-१६ धरून चार तास.

किती दिवस लागतात? आमच्याकडे फक्त लाँग वीकेंड आहे.

सगळा रूट नीट करायला आठवडा हवा. लाँग वीकेंड असेल तर प्लीज पाचही गावं करायला जाऊ नका, चार्लस्टन आणि सव्हाना करा आणि जाता जाता दुपारी ब्यूफर्टला थांबा, बास. ही गावं गाडीतून बघायची नाहीतच, पायी फिरून, बाकावर बसून, घरांच्या दारांकडे नीट बघून कळतात. पाच गावांचे फोटो घेऊन आलेल्या कुटुंबापेक्षा एका गावात दोन दिवस राहिलेल्या कुटुंबातल्या मुलांना पुढे वर्षभर काहीतरी आठवत असतं, हे मी बऱ्याच घरांमध्ये बघितलंय.

कधी जावं?

मार्च-एप्रिल किंवा मग ऑक्टोबरचा शेवट आणि नोव्हेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा आपल्या मुंबईच्या मे महिन्यासारखा असतो, घाम वाळतच नाही, आणि आईबाबांना दुपारी बाहेर काढणं अवघड. हरिकेनचा सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरतात आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर जास्त जोरात असतो, त्या काळात बुकिंग कराल तर कॅन्सल करता येईल असंच करा. मार्चमध्ये जाणार असाल तर एक बघून घ्या, १७ मार्चला सेंट पॅट्रिक्स डे असतो आणि सव्हानामध्ये त्याची मिरवणूक प्रचंड मोठी असते, हॉटेल मिळत नाही, रस्ते बंद असतात, लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर ते दिवस टाळलेलेच बरे. डिसेंबरमध्ये सेंट ऑगस्टिनमध्ये जुन्या गावभर पांढरे दिवे लावलेले असतात, नोव्हेंबरच्या मध्यापासून ते जानेवारीपर्यंत, ते आईला फार आवडेल.

आय-९५ ने जायचं की जुन्या रस्त्याने?

चार्लस्टन ते ब्यूफर्ट तरी यूएस १७ नेच जा. आय-९५ वर झाडं आणि ट्रक सोडून काही दिसत नाही. १७ वर मात्र खाडी सुरू होते, दोन्ही बाजूला उंच गवताची दलदल, भरतीला पाण्याने भरलेली आणि ओहोटीला नुसता चिखल, त्यात पांढरे बगळे. रस्त्याकडेला कुठे कुठे उकडलेल्या शेंगांचे स्टॉल लागतात. मिठाच्या पाण्यात तासन् तास उकडलेल्या गरम गरम भुईमुगाच्या शेंगा, ओल्या कागदी पिशवीत भरून देतात, थांबा आणि घ्याच. केजन मसाल्याच्या पण मिळतात पण आईबाबांना साध्या द्या, त्यांना पहिल्या शेंगेलाच ओळख पटते.

चार्लस्टनमध्ये काय काय बघायचं?

सकाळी लवकर बॅटरी नावाच्या, पाण्याकाठच्या फिरायच्या रस्त्याने चालायला सुरुवात करा, तिथून रेनबो रो जवळ आहे, ती रंगीत १३ घरांची रांग. फोटो काढा, पण पुढे जाऊन घरांची रचना बघा. चार्लस्टनचं जुनं घर रस्त्याला आडवं नसतं, त्याची अरुंद बाजू रस्त्याकडे आणि लांबट व्हरांडा एका कडेला, वारा यावा म्हणून. रस्त्यावरचं जे दार दिसतं ते घरात उघडतच नाही, ते त्या व्हरांड्यात उघडतं. मग भिंतींवर लोखंडी गोल चकत्या दिसतील, मुलांना विचारा या कशाला असतील. १८८६ साली इथे मोठा भूकंप झाला होता आणि त्यानंतर भिंती सुटू नयेत म्हणून आरपार लोखंडी सळया घालून बाहेरून आवळल्या, त्या चकत्या म्हणजे त्यांची टोकं.

सिटी मार्केटमध्ये गवताच्या टोपल्या विणणाऱ्या बायका बसलेल्या असतात. हे गला गीची लोक, पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे वंशज, आणि हे विणकाम तिथूनच आलेलं आहे. किंमत बघून दचकायला होतं, पण एका टोपलीला कित्येक दिवस लागतात, तेव्हा घासाघीस करू नका. घ्यायचं नसेल तर नुसतं उभं राहून बघा, विचारलं तर छान बोलतात.

आणि इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम, २०२३ मध्ये सुरू झालंय, याला अर्धा दिवस ठेवाच. गॅड्सडेन्स व्हार्फ नावाच्या धक्क्याच्या जागी उभं आहे, जिथे आफ्रिकेतून माणसं भरून आणलेली जहाजं लागायची. बिल्डिंग खांबांवर उचललेली आहे, खालची जमीन मुद्दाम मोकळी ठेवलीय. तिकीट आधी ऑनलाइन काढा.

प्लँटेशन बघायला जावं का? मुलांना गुलामगिरीबद्दल काय सांगायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जावं. पण नुसती ओकच्या झाडांची कमान आणि बाग बघायला जाऊ नये. मी लोकांना मॅक्लाउड प्लँटेशन सांगते, जेम्स आयलंडवर आहे, शहरापासून जवळ, आणि तिथली टूर मालकाच्या घरापेक्षा तिथे राबलेल्या माणसांबद्दल असते. त्यांच्या लाकडी खोल्या ओळीने उभ्या आहेत. चार्लस्टनच्या जुन्या विटांमध्ये काही ठिकाणी बोटांचे ठसे दिसतात, कच्ची वीट ओली असताना उचलणाऱ्यांच्या बोटांचे, त्यात लहान मुलांचे पण. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला वेगळं लेक्चर द्यावं लागत नाही, त्याचं बोट त्या ठशाशेजारी धरायला सांगा, पुढचे प्रश्न तोच विचारतो.

आजी-आजोबांना समजावताना भाताचा विषय काढा. आपल्याला वाटतं अमेरिकेतली गुलामी म्हणजे कापूस, पण या किनाऱ्याची श्रीमंती आधी भातावर उभी राहिली. कॅरोलिना गोल्ड नावाचा तांदूळ. नदीला भरती आली की समुद्राचं खारं पाणी खालून रेटतं आणि वरचं गोडं पाणी उचललं जातं, ते पाणी बांधातल्या लाकडी दारांमधून शेतात घ्यायचं आणि ओहोटीला सोडून द्यायचं. ज्यांनी गोव्यातली खाजण शेती बघितलीय, त्यातलं मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, बघितलंय, त्यांना हे दोन मिनिटांत कळतं, फरक एवढाच की तिकडे मुख्य काम खारं पाणी बाहेर ठेवण्याचं. हे भाताचं ज्ञान पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या माणसांकडे होतं, तिकडे पिढ्यान् पिढ्या भात पिकत होता. मैलोन् मैल बांध त्यांनी हाताने घातले, कमरेएवढ्या चिखलात, हिवतापात. ज्या घरांना आपण सुंदर म्हणतो त्यांचा पैसा या चिखलातून आला. हे सांगितल्याशिवाय चार्लस्टन दाखवलं असं मी म्हणणार नाही.

लहान मुलांना घाबरवायचं नाही हे खरं, पण लपवायचं पण नाही. 'इथे माणसांना विकत घ्यायचे, ते चूक होतं, आणि त्या माणसांनी तरीही गाणी, जेवण, भाषा, कला सगळं जपलं' एवढं सात वर्षांच्या मुलाला पेलतं.

ब्यूफर्टला थांबण्यासारखं काही आहे का?

आहे, आणि लोक ते गाळतात याचं मला वाईट वाटतं. (चार्लस्टनच्या राज्यातल्या या गावाचा उच्चार ब्यूफर्ट, नॉर्थ कॅरोलिनातल्या त्याच स्पेलिंगच्या गावाचा बोफर्ट, जीपीएसमध्ये राज्य बघून टाका.)

मुलांना रॉबर्ट स्मॉल्सची गोष्ट गाडीतच सांगून ठेवा. ब्यूफर्टमध्ये गुलामीत जन्मलेला माणूस. १८६२ च्या मे महिन्यात चार्लस्टन बंदरात प्लँटर नावाच्या जहाजावर तो सुकाणू सांभाळायचा. गोरे अधिकारी रात्री जहाज सोडून गावात गेले, तेव्हा त्याने आणि बाकीच्या खलाशांनी पहाटे जहाज सुरू केलं, वाटेत बायकामुलांना चढवून घेतलं, कॅप्टनची गवती हॅट डोक्यावर घातली, आणि एकेका किल्ल्यासमोरून जाताना शिट्टीचे बरोबर सिग्नल देत देत फोर्ट समटरच्या तोफांखालून बाहेर पडला. पुढे युनियनच्या, म्हणजे यादवी युद्धातल्या उत्तरेच्या बाजूच्या, जहाजांसमोर पांढरी चादर फडकवली. नंतर तो खासदार झाला, आणि ज्या मालकाच्या घरी जन्मला ते ब्यूफर्टमधलं घर त्याने विकत घेतलं. घर प्रिन्स स्ट्रीटवर आहे, खाजगी आहे, बाहेरूनच बघायचं. गोष्ट ऐकून आलेली मुलं त्या फाटकासमोर खरंच थांबतात.

तिथून पंधरा-वीस मिनिटांवर सेंट हेलेना बेटावर पेन सेंटर आहे, १८६२ मध्ये मुक्त झालेल्या माणसांसाठी सुरू झालेली शाळा. १९६० च्या दशकात मार्टिन ल्यूथर किंग इथे सहकाऱ्यांना घेऊन बैठकींसाठी यायचे. मोठ्या ओकच्या सावलीत शांत आवार आहे. सावित्रीबाईंची शाळा ऐकून वाढलेल्या माणसांना, म्हणजे आपल्या आयांना, या जागेत काही समजावून सांगावं लागत नाही.

सव्हानामध्ये आईबाबांना चालवेल का?

या रूटवर सगळ्यात सोपं गाव हेच. १७३३ साली ओगलथॉर्पने, म्हणजे जॉर्जिया वसवणाऱ्या इंग्रजाने, आखलेलं, मधे मधे चौक ठेवत, आधी २४ होते, आज २२ आहेत. प्रत्येक चौकात झाडं, बाक, सावली, आणि पुढचा चौक दोन-तीन मिनिटांवर. बाबा एका चौकात बसतील, तुम्ही पुढचे तीन बघून परत या. फक्त रिव्हर स्ट्रीटला जपा, जहाजांतून वजनासाठी आणलेल्या दगडांची फरसबंदी आहे, उंचसखल, आणि उतरायच्या जुन्या दगडी पायऱ्या फार उभ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर सिटी हॉलच्या शेजारच्या लिफ्टने उतरा. नदी ओलांडणारी छोटी फेरी फुकट आहे, मुलांना दोनदा फिरवून आणा.

फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्चची टूर घ्या. खालच्या मजल्याच्या लाकडी फळ्यांना नक्षीत भोकं पाडलेली आहेत, आफ्रिकन चिन्हासारखी, आणि चर्चची माणसं सांगतात की पळून आलेली माणसं त्या जमिनीखाली लपायची आणि भोकं श्वासासाठी होती. आणखी एक, जॉर्जिया वसवताना सुरुवातीला गुलामगिरीला बंदी होती, १७५१ ला ती उठवली. हे मला सव्हानाच्या सगळ्या सौंदर्यापेक्षा जास्त विचार करायला लावतं, कारण वेगळा रस्ता माहीत होता आणि तो सोडला.

झाडांवरून लोंबणारं करडं स्पॅनिश मॉस सुंदर दिसतं, ते खरं शेवाळ नाही, अननसाच्या कुळातली वनस्पती आहे, झाडाला खात नाही, नुसती टेकून राहते. जमिनीवर पडलेलं उचलून मुलांच्या गळ्यात घालू नका, त्यात बारीक किडे असतात.

बाबांना किल्ले आवडतात. कुठला दाखवू?

एकच दाखवायचा असेल तर सेंट ऑगस्टिनचा कास्तियो दे सान मार्कोस. गाव १५६५ चं, स्पॅनिश लोकांनी वसवलेलं, म्हणजे तालिकोटच्या लढाईचं साल. किल्ल्याचं बांधकाम १६७२ ला सुरू झालं आणि १६९५ पर्यंत चाललं, म्हणजे इथे भिंती वर येत होत्या तेव्हा रायगडावर राज्याभिषेक होत होता. हे एवढं सांगितलं की बाबा स्वतःच पुढे सुटतात.

दगड बघायला लावा. कोकिना म्हणतात त्याला, बारीक बारीक शिंपले दाबून तयार झालेला, जवळून बघितलं तर एकेक शिंपला दिसतो. दगड मऊ, त्यामुळे तोफेचा गोळा लागला की भिंत फुटायची नाही, गोळा आत रुतायचा. १७०२ मध्ये कॅरोलिनाच्या इंग्रजांनी वेढा घातला, गावातली हजारावर माणसं जवळजवळ ५० दिवस आत राहिली, गाव जळलं पण किल्ला पडला नाही. १७४० मध्ये त्याच ओगलथॉर्पने परत वेढा घातला, तेव्हाही नाही. त्याच्या आदल्याच वर्षी चिमाजी अप्पांनी वसई घेतली होती, बाबांशी यावर तासभर गप्पा होतील, होऊ द्या.

सव्हानाजवळचा फोर्ट पुलास्की याच्या बरोब्बर उलट आहे. साडेसात फूट जाड विटांच्या भिंती, कोणी तोडू शकणार नाही असं सगळे म्हणायचे, आणि एप्रिल १८६२ मध्ये टायबी बेटावरून नव्या पद्धतीच्या तोफांनी साधारण ३० तासांत भगदाड पाडलं. आजही भिंतीत गोळे रुतलेले दिसतात. आणि समटर, जिथे १२ एप्रिल १८६१ ला यादवी युद्धाचे पहिले गोळे सुटले, तो बेटावर आहे, बोटीने जावं लागतं. बोट छान आहे पण किल्ला आज अर्धाच उरलाय.

सेंट ऑगस्टिनच्या उत्तरेला फोर्ट मोसे विसरू नका, १७३८ चं. कॅरोलिनातून पळून आलेल्या माणसांना स्पॅनिश फ्लोरिडात कॅथलिक होऊन सैन्यात काम केलं तर स्वातंत्र्य मिळायचं, त्यांची ही वस्ती. चार्लस्टनला सुरू केलेली गोष्ट मुलांच्या डोक्यात इथे येऊन पूर्ण होते.

आम्ही शाकाहारी आहोत, उपाशी राहू का?

नाही, पण विचारायला शिकावं लागतं. इथे भाजी म्हणून जे लिहिलेलं असतं त्यात डुक्कर असतंच असं धरून चाला. कॉलर्ड ग्रीन्स हॅम घालून शिजवतात, बीन्समध्ये बेकन, रेड राइसमध्ये सॉसेज, हॉपिन जॉन म्हणजे आपला चवळीभात पण त्यातही डुकराचा तुकडा. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या, चीज घालून मागवा, फक्त चिकनच्या पाण्यात शिजवल्यात का ते विचारा. बिस्किटं कधी कधी चरबीत केलेली असतात. फ्राइड ग्रीन टोमॅटो, तळलेली भेंडी, पिमेंटो चीजचं सँडविच, हे साधारण चालतं, तळणीचं तेल वेगळं आहे का एवढं बघा. भेंडी या किनाऱ्यावर आफ्रिकेतूनच आली, हे पण मुलांना सांगा.

आईबाबांसाठी किचन असलेली सूट घ्या, एक छोटा राइस कुकर, मेतकूट, तूप, लोणचं, भाजणी बरोबर ठेवा. दिवसभर फिरून आल्यावर मऊ भात आणि मेतकूट मिळालं की दुसऱ्या दिवशी सगळे खुशीत. प्रवासाला तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दशम्या. मासे खाणाऱ्यांची मात्र चंगळ आहे, कोळंबी ताजी मिळते.

बीच कुठला?

सव्हानाजवळ टायबी, दीपगृहाच्या १७८ पायऱ्या मुलं चढतात, मोठे खाली थांबतात. तिकडे जाणारा यूएस ८० मोठ्या भरतीला पाण्याखाली जातो, निघायच्या आधी भरतीची वेळ बघा. माझं मत विचाराल तर जेकिल, गर्दी कमी, आणि ड्रिफ्टवुड बीचवर समुद्राने उपटलेली मोठी झाडं वाळूत आडवी पडलीयत. ओहोटीला जा, नाहीतर चालायला जागा उरत नाही. तिथलं समुद्री कासवांचं सेंटर बघा, दवाखाना आहे, काचेतून उपचार दिसतात. वेळासला पिल्लं सोडताना बघितली असतील तर मुलांना लगेच कळेल. उन्हाळ्यात रात्री बीचवर टॉर्च लावू नका, कासवांना त्रास होतो.

डास?

डासांपेक्षा वाईट ते बारीक सँड नॅट, दिसतही नाहीत, वसंतात आणि शरदात संध्याकाळी वारा पडला की चावतात. लांब बाह्यांचे कपडे, स्प्रे, आणि संध्याकाळी खाडीकाठी न बसणं.

मुलं इतिहासाला कंटाळतील ना?

समटर, पुलास्की, कास्तियो सगळीकडे ज्युनियर रेंजरची पुस्तिका मागा, फुकट मिळते. ती भरून दिली की रेंजर शपथ घ्यायला लावतो आणि बॅज देतो. मग मुलंच तुम्हाला पुढच्या किल्ल्याला ओढतात. मूल चौथीत असेल तर नॅशनल पार्कचा फ्री पास आधी ऑनलाइन काढून प्रिंट घ्या. सव्हानाच्या रात्रीच्या भुतांच्या टूर दहाच्या खालच्या मुलांना नकोत.

आईबाबांचे कागद, औषधं?

पासपोर्ट आणि आय-९४ ची (अमेरिकेत आल्याच्या नोंदीची) प्रिंट बरोबर ठेवा. औषधं मूळ पाकिटात आणि हँडबॅगेत, तापलेल्या गाडीत नाही, इन्शुलिन असेल तर छोटा कूलर. व्हिजिटर इन्शुरन्सचं कार्ड सगळ्यांच्या फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

हॉटेल जुन्या गावात घ्यायचं की बाहेर?

सव्हानात आत घ्या, महाग पडलं तरी, कारण दुपारी आईबाबांना खोलीवर सोडून येता येतं. चार्लस्टनमध्ये माउंट प्लेझंटला राहिलात तरी चालतं, पूल ओलांडला की गावात, गाडी गॅरेजमध्ये लावा आणि फुकटची डॅश बस घ्या. मोठ्या भरतीच्या दिवशी चार्लस्टनचे खालचे रस्ते ऊन असतानाही तुंबतात, गाडी तिथे लावून जाऊ नका.

परत येताना?

सेंट ऑगस्टिनहून अटलांटा साधारण सहा तास. जॅक्सनव्हिलला दुपारचं जेवण धरा, तिकडे इंडियन रेस्टॉरंट आणि ग्रोसरी दोन्ही मिळतात. तिथून आय-१० आणि मग लेक सिटीला आय-७५. शार्लटवाल्यांनी आय-९५ ने वर जाऊन आय-२६ आणि कोलंबियाहून आय-७७ घ्यावा. रविवारी निघणार असाल तर सकाळी नऊच्या आत निघा, दुपारनंतर बीचवरून परतणारी सगळी गर्दी त्याच रस्त्यावर असते.